‘आम्ही देवाने निवडलेले’ असं कोणी म्हटलं की राग येतो, त्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: तुम्ही मांजलपूरला राहता, ऑफिसात प्रोजेक्टसाठी इस्राएलहून काही माणसं आलीयत, कॅन्टीनमध्ये जेवताना त्यातला एकजण बोलता बोलता म्हणाला की आमच्या धर्माप्रमाणे आम्ही देवाने निवडलेले लोक, आणि तुमच्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन सांगितलंत तर बायको म्हणाली, शेजारच्या वैष्णव बा पण तेच म्हणतात की, ठाकोरजींनी (त्यांच्या घरच्या कृष्णाने) मला निवडलंय म्हणून, त्यांच्यावर तुम्ही कधी चिडला नाहीत. मग आता विचारताय की दोघांत फरक काय, असं मानणं म्हणजे सरळ सरळ गर्व नाही का, आणि ज्या देवाला सगळे सारखे तो एकालाच कसा निवडेल.

मी बडोद्यातच कॉलेजात बरीच वर्षं तत्त्वज्ञान आणि तुलनात्मक धर्म शिकवला. हा प्रश्न दरवर्षी वर्गात कोणीतरी काढायचंच आणि बहुतेक वेळा चिडूनच काढायचं. तुमच्या मिसेसचा मुद्दा मात्र तुमच्यापेक्षा धारदार आहे, रागावू नका.

पहिल्यांदा एक बाजूला काढून ठेवू. देवाने खरंच निवडलं का, हे मी सांगू शकत नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. ज्यावर बोलता येतं ते एवढंच की निवडलं असं मानणारे लोक कशासाठी निवडलं म्हणतात, त्यापायी स्वतः काय सोसतात, आणि न निवडलेल्यांशी कसे वागतात. वर्गातली सगळी भांडणं ह्या तीन गोष्टी एकत्र कालवल्यामुळे व्हायची.

आता ग्रंथ. ज्यू लोकांच्या तोरामध्ये, म्हणजे त्यांच्या पाच मूळ पुस्तकांत, एक पुस्तक आहे ज्याला ख्रिस्ती बायबलच्या मराठी आवृत्तीत ‘अनुवाद’ म्हणतात; त्याच्या सातव्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे लोकांना सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून देवाने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. दोन अध्याय पुढे जाऊन आणखी कडक: तुमच्या पुण्याईमुळे ही जमीन मिळतेय असं मनात आणू नका, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. आपल्याच धर्मग्रंथात आपल्याच लोकांची अशी खरडपट्टी काढलेली मला फार ठिकाणी सापडली नाही. आणि मग त्यांचा संदेष्टा आमोस येतो, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला, तकोवा गावचा मेंढपाळ. तो उत्तरेकडच्या राज्यात जाऊन तिथल्या खात्यापित्या लोकांना सुनावतो, तुम्ही गरिबाला जोडाभर चपलांसाठी विकता, मापात मारता. मग देवाचं म्हणणं म्हणून जे सांगतो ते असं, की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत मी फक्त तुम्हालाच आपलं म्हटलं, म्हणून तुमच्या सगळ्या पापांचा हिशोब मी तुमच्याकडूनच घेणार. ह्या ‘म्हणून’पाशी वर्गात मी थांबायचे. पोरांना वाटायचं पुढे ‘म्हणून तुम्हाला सांभाळीन’ असं काहीतरी येईल. तिथल्या पुजाऱ्याने त्याला काय सांगितलं असेल? जा बाबा तुझ्या गावाला, तिकडे भविष्य सांग आणि तिकडेच भाकरी खा.

बडोद्याच्या माणसाला हे समजवायला मला एकच उदाहरण पुरायचं. १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढल्यावर जमनाबाईंना दत्तक घ्यायला मुलगा हवा होता, मालेगावजवळच्या कवळाण्याहून शेतकऱ्याघरची पोरं आणली, त्यातला बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला आणि तो सयाजीराव झाला. इथे कशाला आलास विचारल्यावर तो म्हणाला राज्य करायला, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ. पण पुढचं कोणी सांगत नाही. त्या पोराला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं, त्याच्यात काही सिद्ध झालेलं नव्हतं, आणि निवड झाल्या दिवसापासून त्याचं स्वतःचं बालपण संपलं, सकाळपासून मास्तर, दिवाण, भाषा, तालीम, १८८१ च्या शेवटी अधिकार हातात येईपर्यंत हेच. १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळ्या राज्यात सक्तीचं शिक्षण आणलं म्हणून आपण आज त्यांचं नाव घेतो. नुसता दत्तक आला आणि गादीवर बसला असता तर त्या निवडीचं कौतुक कुणाला असतं? ज्यू परंपरेतले चांगले लोक निवडीकडे असंच बघतात. आधी पात्रता होती म्हणून निवड झाली असं ते मानत नाहीत, निवड झाली म्हणून आता झिजायचं असं मानतात.

व्यवहारातही ते दिसतं. परंपरेप्रमाणे ज्यू माणसावर ६१३ आज्ञांचं ओझं आहे आणि बाकीच्या जगाला फक्त सात, त्याही खून करू नका, चोरी करू नका, न्यायालयं नेमा अशा. ह्या सात पाळणारा कुठल्याही जातीचा सज्जन माणूस परलोकाचा वाटेकरी, त्यासाठी ज्यू व्हायची गरज नाही. (त्या सातात मूर्तिपूजा नको हेही आहे, तिथे आपल्याला टोचतं, ते लपवत नाही.) कोणी बाहेरचा आत यायला आला तर जुन्या धर्मशास्त्राचं सांगणं असं की आधी त्याला विचारा, अरे तुला काय दिसलं आमच्यात, आम्ही छळले जातोय, हाकलले जातोय, माहीत आहे ना? तो म्हणाला की माहीत आहे, आणि मी तेवढ्या लायकीचाही नाही, तर घ्या. मेंबरशिप विकणारा कोणी असं बोलत नाही.

आणि ज्यू म्हटलं की आपण लगेच टीव्हीवरच्या बातम्या डोळ्यांपुढे आणतो, पण मराठी माणसाला एवढं लांब जायची गरजच नाही. कोकणातले बेने इस्राएल आपल्याच भाषेतले. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची स्वतःची कथा. ग्रंथ गेले, हिब्रू गेली, शेकडो वर्षं बाकीच्या ज्यूंशी संबंध नाही. पेणकर, केहिमकर, राजपूरकर अशी आडनावं लावून तेलाचे घाणे चालवायचे. गावकऱ्यांनी नाव ठेवलं शनिवार तेली, कारण शनिवारी ह्यांचा घाणा बंद. बघा, जवळ तोराची पोथी नाही, प्रार्थनेतल्या ‘शमा इस्राएल’च्या ओळी तेवढ्या तोंडात राहिलेल्या, निवडलेले लोक वगैरे सिद्धांत समजावून सांगायला कोणी रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही, आणि तरी दर आठवड्याला एक दिवसाचा धंदा सोडतायत. गिऱ्हाईक शनिवारी आलं तर दुसऱ्या तेल्याकडे जाणारच की.

आम्ही विद्यार्थ्यांना अहमदाबादला खमासाजवळच्या मागेन अब्राहम सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, न्यायचो, १९३४ चं आहे ते, समोरच पारशांची अग्यारी. तिथे एक म्हातारे गृहस्थ मराठीत बोलायचे, कोकणी हेल अजून शिल्लक. आमच्या एका मुलाने त्यांना तुमच्यासारखंच तोंडावर विचारलं, काका, तुम्ही स्वतःला निवडलेले समजता ना? ते हसले आणि मलिद्याबद्दल सांगायला लागले, गूळ खोबरं घातलेले पोहे, त्यावर फळं, एलियाहू हनाबी ह्या संदेष्ट्याच्या नावाने केलेला नवस, घरात लग्न असो की आजारपणातून उठणं असो. मुलाला वाटलं प्रश्न टाळला. मला नाही वाटलं तसं. त्यांच्या लेखी निवडलेलं असणं म्हणजे ही कामं वेळच्या वेळी करायची, एवढंच होतं, त्यावर वेगळं भाषण त्यांच्याकडे नव्हतं.

पण गोष्ट इथे गोड करून सोडणार नाही. ह्याच बेने इस्राएलांमध्ये गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता, लग्नं लागायची नाहीत. आणि इस्राएलला स्थलांतर केल्यावर १९६२ च्या सुमाराला तिथल्या मुख्य रब्बींनीच ह्यांच्या ज्यू असण्याबद्दल शंका काढली, लग्नाआधी वंशाची तपासणी लावली. लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू आहेत असं सरकारदरबारी स्पष्ट झालं. म्हणजे निवडलेल्यांच्या आत पुन्हा चाळणी लागतेच. हा रोग एकट्या त्यांचा नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्याकडे तर चाळणीच्या आत चाळणी.

आता शेजारच्या बा. बडोद्यात राहून पुष्टिमार्ग, म्हणजे बांचा कृष्णभक्तीचा संप्रदाय, माहीत नाही असं होत नाही, पण आपले मराठी लोक हवेलीत (त्यांच्या देवळात) जन्माष्टमीला दर्शन घेऊन येतात आणि तेवढंच. वल्लभाचार्यांनी (१४७९ ते १५३१) जीवांचे प्रकार केले, पुष्टी, मर्यादा आणि प्रवाह. प्रवाहातले संसारात वाहत राहणारे, मर्यादेतले शास्त्राच्या नियमांनी जाणारे, आणि पुष्टीतले ज्यांना देवाने निव्वळ स्वतःच्या सेवेसाठी, स्वतःच्या कृपेने उचललं ते. साधनेने पुष्टी मिळवता येत नाही. म्हणजे बा जे म्हणतात ते त्यांच्या संप्रदायाच्या तत्त्वज्ञानाप्रमाणे बरोबरच आहे, आणि ते तुमच्या इस्राएली मित्राच्या वाक्याहून काही कमी धाडसी नाही!

रावपुऱ्यात आमच्या शेजारी अशाच एक मरजादी, म्हणजे सोवळं कडक पाळणाऱ्या, बा होत्या. पहाटे न्हाऊन ठाकोरजींना उठवणं, मंगला, मग शृंगार, ऋतूप्रमाणे कपडे, राजभोगाची सामग्री स्वतःच्या हाताने, दुपारी ठाकोरजी झोपले की मग ह्यांच्या तोंडात घास. सख्ख्या भाचीचं लग्न सुरतेला, पण घरात दुसरं कोणी सेवेला नाही म्हणून गेल्या नाहीत. उन्हाळ्यात गरम होईल म्हणून ठाकोरजींपुढे वाळ्याचा पडदा, स्वतः मात्र दुसऱ्या खोलीत घामाघूम. हिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? आणि त्याच बांकडे कामाला येणाऱ्या बाईचा पेला वेगळा होता, पाण्याच्या जागेच्या आसपास तिने फिरकायचं नाही, चुकून शिवली तर बा पुन्हा अंघोळ करायच्या आणि त्या पोरीच्या देखत करायच्या. दोन्ही एकाच श्रद्धेतून, एकाच सकाळी. मला विचाराल तर पहिल्याला मी नमस्कार करते आणि दुसऱ्याला विरोध, आणि पहिल्यासाठी दुसरं लागतं हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

कोणी म्हणेल हे एका संप्रदायाचं, आपल्या मूळ धर्मात असलं नाही. आहे हो. कठोपनिषदात आहे की आत्मा प्रवचनाने मिळत नाही, बुद्धीने नाही, खूप ऐकून नाही, ‘यमेवैष वृणुते तेन लभ्यः’, ज्याला तो निवडतो त्यालाच मिळतो. शंकराचार्य ह्याचा अर्थ वेगळा लावतात, भक्तिमार्गातले रामानुज मात्र सरळ देवाची निवड असाच घेतात. मध्वाचार्य तर त्याच्या पुढे जातात, काही जीव मुक्तीला लायक, काही कायमचे संसारात, काही अंधाराकडेच जाणारे. जैनांकडे भव्य आणि अभव्य जीव आहेत, अभव्याला मोक्ष कधीच नाही. आणि गीतेत नवव्या अध्यायात एकाच श्लोकात दोन्ही, मी सर्व भूतांना सारखा, मला ना कोणी नावडता ना आवडता, आणि लगेच पुढे, पण जे मला भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात. ‘पण’ आहेच.

आपल्या तुकोबांचं बघा. ‘आम्ही वैकुंठवासी’ अशी सुरुवात, ह्यापेक्षा मोठा दावा कोणी काय करणार, आणि आलो कशाला तर ‘झाडूं संतांचे मारग’. हातात झाडू. उरलंसुरलं उष्टं खाऊ म्हणतात.

आता परिस्थितीचं. हे वाक्य कोण बोलतंय आणि त्याच्या हातात काय आहे ह्यावर फार अवलंबून असतं. एक उदाहरण मी नेहमी द्यायचे. मोशेने गुलाम लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून वचनदत्त भूमीकडे नेलं ही गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी आपली मानली, शेतात राबताना तीच गायली, आणि मार्टिन लूथर किंग मरायच्या आदल्या संध्याकाळी, ३ एप्रिल १९६८ ला, मेम्फिसमध्ये त्याच वचनदत्त भूमीबद्दल बोलले. त्यांना गुलाम करणारे गोरेही स्वतःला नवा इस्राएलच समजत होते! दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर लोकांनी १८३८ च्या डिसेंबरात झुलूंशी लढाई जिंकली, त्याआधी देवाला नवस बोलले होते, तो दिवस पुढे सण झाला, आम्ही देवाने राखलेलं राष्ट्र ही कल्पना मुरली, आणि १९४८ नंतर वर्णभेदाच्या सरकारला त्यांच्या चर्चमधूनच धर्माचा आधार मिळाला. गोष्ट तीच. ज्याच्या पाठीवर चाबूक होता त्याला तिने ताठ उभं केलं, ज्याच्या हातात चाबूक होता त्याला तिने झोप लागू दिली.

म्हणून युरोपात दोन हजार वर्षं हाकलले गेलेले, साठ लाख मारले गेलेले लोक ‘आम्ही निवडलेले’ म्हणतात तेव्हा ते मला एक प्रकारे ऐकू येतं, आणि तेच वाक्य सैन्य, सरकार, जमीन हातात असलेला माणूस बोलतो तेव्हा वेगळं. तुमच्या कॅन्टीनमधला माणूस ह्यातला कुठला, हे मला इथून कसं कळणार? एका वाक्यावरून तुम्हालाही कळणार नाही.

ग्रंथातही वाईट भाग आहे. मी वर अनुवादचा सातवा अध्याय सांगितला, तुम्ही सगळ्यांत थोडे होता वगैरे, पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला त्या देशातल्या सात राष्ट्रांचा समूळ नाश करा, दया दाखवू नका, असं आहे. काहीजण हा भाग वगळून पुढचा नम्र भाग वाचून दाखवतात, काहीजण नेमका हाच दाखवतात. दोघांवरही मी विश्वास ठेवत नाही.

ज्यूंच्या आत ह्यावर भांडणं नाहीत असं समजू नका. अमेरिकेतले रब्बी मॉर्डेकाय कॅप्लान म्हणाले की ही निवडीची कल्पनाच आता सोडा, लोकशाहीत ती बसत नाही, आणि प्रार्थनेतलं ‘ज्याने आम्हाला सर्व लोकांतून निवडलं’ काढून ‘ज्याने आम्हाला आपल्या सेवेजवळ आणलं’ घातलं. १९४५ मध्ये त्यांचं प्रार्थनापुस्तक न्यूयॉर्कमध्ये सनातनी रब्बींनी जाळलं. त्याच्या कितीतरी आधी बाराव्या शतकात ज्यू विचारवंत यहूदा हालेवी म्हणत होते की ज्यू आत्म्यातच काही वेगळं आहे, आणि दुसरे ज्यू विचारवंत मैमोनिदेस तसं मानत नव्हते. ख्रिस्ती लोकांनी बरीच शतकं निवड आता आमच्याकडे आली असं धरलं, त्यांचा सुरुवातीचा मोठा प्रचारक पौल, खुद्द त्याने मात्र रोमकरांना लिहिताना देवाचं बोलावणं परत घेतलं जात नाही असं लिहून ठेवलंय, आणि कॅथलिक चर्चने १९६५ ला तो धागा पुन्हा हातात घेतला. कुराणात अब्राहामला, ज्यूंच्या मूळ पुरुषाला, सांगितलंय की माझा करार अन्याय करणाऱ्यांना लागू नाही, मग तुझी संतती असली तरी. म्हणजे ह्या प्रश्नावर तुम्ही एकटे चिडलेले नाही, मोठीमोठी माणसं चिडलीयत.

शेवटी तुमचा तिसरा प्रश्न, सगळे सारखे तर एकच का. ठराविक उत्तर असं की एकामार्फत सगळ्यांसाठी. अब्राहामला बोलावतानाच सांगितलंय की तुझ्यामुळे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील, त्याचा दुसरा मुलगा इश्माएल, त्यालाही बारा सरदारांचं वचन आहे, आणि आमोस तर शेवटच्या अध्यायात म्हणतो की तुम्हाला मिसरातून काढलं तसं पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही मीच त्यांच्या त्यांच्या जागेहून आणलं, उगाच फुगू नका. ठीक आहे, पण ह्याने माझं पूर्ण समाधान होत नाही. कारण तोराच्याच ‘उत्पत्ती’ ह्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एसाव आहे, याकोबाचा थोरला भाऊ. धाकट्या याकोबाने फसवून आंधळ्या बापाचा आशीर्वाद घेतलाय, थोरला शिकार घेऊन येतो, त्याला कळतं, आणि तो बापाला विचारतो, बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद आहे का हो, मलाही द्या ना. आणि मोठ्याने रडतो. निवडलेल्यांच्याच ग्रंथात न निवडलेल्याचं रडणं इतकं स्पष्ट लिहून ठेवलंय, ते गाळावंसं कोणाला वाटलं नाही. ह्याला उत्तर मी कुठल्याच धर्मात वाचलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे झटपट उत्तर असतं त्यांच्यापासून मी जरा लांबच बसते.

आता तुम्ही काय करायचं. त्या माणसावर रागावून गप्प बसण्यापेक्षा पुढच्या वेळी जेवताना साधं विचारा, मग त्यामुळे तुम्हाला काय काय करावं लागतं? तो शनिवार, खाण्याचे नियम, आजोबा कुठून कुठे पळाले हे सांगायला लागला तर ऐका, बऱ्याच गोष्टी कळतील. खांदे उडवून म्हणाला की मी काही मानत नाही, असंच बोललो, तरी ठीक, इस्राएलमध्ये असेही भरपूर आहेत. आणि आम्ही श्रेष्ठ आहोत एवढंच पुढे आलं तर त्याला आमोस वाचलास का विचारा, नऊच अध्याय आहेत, तुम्हीही मराठीत वाचून घ्या, अर्धा तास पुरतो. अनुवाद वाचणार असाल तर सातवा आणि नववा एका बैठकीत वाचा. आणि त्या टीमला निरोपाची पार्टी द्यायची असेल तर शुक्रवार संध्याकाळ ठेवू नका, त्यांच्यात कोणी पाळणारा असेल तर त्याचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळतानाच सुरू होतो.